पंचेचाळीस डेसिबलच्या पुढचा नवरा

रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असं ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात. मंडळांना ते ऐकू येत नाहीत, कारण समोर डीजे चालू असतो. नवऱ्यांना ऐकू येत नाहीत, कारण ते झोपलेले असतात. जोरकस घोरणारा माणूस साठीच्या घरात सहज पोचतो. स्वीडनमधल्या एका गृहस्थांचं घोरणं १९९३ मध्ये ९३ डेसिबल भरलं आणि गिनीज बुकात गेलं. एवढ्या आवाजासाठी आपल्याकडे ट्रक, जनरेटर आणि किमान एक नगरसेवक लागतो. त्या गृहस्थांनी हे काम एकट्याने, आडवं पडून केलं.

तरी घोरण्याबद्दल कुणी ११२ ला फोन करत नाही. तक्रार घरातच मिटवतात. बायको कोपराने ढोसते, नवरा कुशीवर वळतो, आवाज थांबतो आणि प्रकरण निकाली निघालं असं दोघंही धरून चालतात. आजचं भांडण त्याच समजुतीशी आहे. आवाज बंद पाडणं हे एक काम आणि श्वास चालू ठेवणं हे दुसरं. बाजारात पैसे मात्र आपण पहिल्याच कामाचे मोजतो.

मी तर जागाच होतो

घोरण्याच्या खटल्यात आरोपी घटनास्थळी हजर असतो, रंगेहाथ सापडतो आणि तरी दर वेळी निर्दोष सुटतो.

"अहो, काय घोरत होतात रात्री!"

"कोण, मी? मी तर जागाच होतो."

"मधेच श्वास थांबला होता तुमचा. मी छातीवर हात ठेवून बघितला."

"मग घोरणंही थांबलं असेल ना? झालं तर!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम पडणार आहे.

महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यात बघा. पहिली झोप घोरणाऱ्यालाच लागते. कल्याण सुटायच्या आत गृहस्थ ढाराढूर, आणि उरलेला डबा पुण्यापर्यंत छताकडे बघतोय. सकाळी तोच माणूस चहा घेताना सांगतो, "आपलं एक बरंय, पाठ टेकली की झोप." लोक त्याला नशीबवान म्हणतात. पण पाठ टेकताच झोप लागणं म्हणजे झोपेचं कर्ज थकलेलं असण्याचीही खूण असते. रात्रभर आठ तास अंथरुणात, आणि तरी दुपारी बैठकीत पेंग.

मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये या पेंगेसाठी आठ प्रश्नांची एक साधी मोजपट्टी केली. वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, कुणाशी बोलत असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, त्याला शून्य ते तीन गुण. २४ पैकी १० च्या वर गेलात तर डॉक्टरला दाखवा. यातला दुपारी आडवं पडण्याचा प्रश्न पुणेकरांसाठी वगळावा, अशी माझी सूचना आहे. 'गाडी ट्रॅफिकमध्ये काही मिनिटं थांबली असताना' हा प्रश्न तर सगळ्यांसाठीच. काही मिनिटं थांबणारा ट्रॅफिक आम्ही पाहिलेला नाही.

हसण्यावारी नेण्याइतकी ही माणसं थोडी नाहीत. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध केली. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि साडेसात टक्क्यांना त्यापायी दिवसाही पेंग येत होती. म्हणजे लोकलच्या चौथ्या सीटसाठी भांडणाऱ्यांपैकी पाचातला एक.

घशात काय चाललंय

जिभेच्या मागची हवेची वाट ही मऊ नळी आहे. तिला हाडाचा आधार नाही, जागेपणी स्नायू ती ताणून धरतात. झोप लागली की स्नायू सैलावतात, खालचा जबडा मागे घसरतो, त्याच्यासोबत जीभ मागे पडते. अरुंद झालेल्या वाटेतून हवा जाताना टाळूचा मागचा भाग आणि पडजीभ फडफडते. हे घोरणं.

वाट पुरती मिटली की काय होतं? शांतता. छाती जोर लावत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो. शेवटी मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घशाला ताण देतो, मोठा घर्रर्र आवाज होतो आणि गाडी पुन्हा सुरू. माणसाला यातलं सकाळी काहीही आठवत नाही. वाट मिटल्याने श्वास निदान १० सेकंद अडला, तर त्याला डॉक्टर ॲप्निया म्हणतात. पूर्ण अडलेले आणि अर्धवट अडलेले असे श्वास मिळून तासाला किती, ते मोजतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. सात तासांच्या झोपेत २१० वेळा गळा धरला जातो आणि सकाळी माणूस म्हणतो, मस्त झोप झाली.

या माणसाचं सकाळी डोकं जड, तोंडाला कोरड. रक्तदाबाच्या दोन-दोन गोळ्या चालू, पण आकडा हलत नाही. रात्री तीनदा लघवीला उठतो, म्हणून साखर तपासून झाली, प्रोस्टेट तपासून झाला. घसा कुणी तपासला नाही, कारण घोरणं हा विनोदाचा विषय आहे, तपासण्याचा नाही.

म्हणजे भीती आवाजाची नाही, मधल्या गप्प राहण्याची आहे. बायकोला 'सुटले बाई' वाटतं तेच ते वीस सेकंद. वरच्या संभाषणातलं 'झालं तर' कशाबद्दल होतं, ते आता कळलं असेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारणात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर तज्ज्ञ बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा सोन्याच्या साखळ्या किती होत्या यावर चर्चा सुरू झाली.

ज्या दारात जाल तो इलाज

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलात तर नाकाचा पडदा वाकडा निघतो. महाराष्ट्रात सरळ पडद्याचा माणूस अजून सापडायचा आहे. छातीच्या डॉक्टरकडे गेलात तर मशीन. लठ्ठपणाच्या सर्जनकडे गेलात तर पोट बांधून घ्या. आहारतज्ज्ञाकडे रात्रीचा भात बंद, योगवर्गात भ्रामरी. ऑनलाइन तर जत्राच: नाकात घालायचा चिमटा, बोटात घालायची अंगठी, हनुवटी वर बांधायचा पट्टा आणि हल्लीची फॅशन म्हणजे ओठांवर लावायची चिकटपट्टी. नवऱ्याच्या तोंडाला पट्टी लावावी ही अनेक घरांतली जुनीच इच्छा, तिला आता विज्ञानाचं पाठबळ मिळाल्यासारखं वाटतं. ते मिळालेलं नाही. नाक चोंदलेल्या माणसाचं तोंडही बंद केलंत, तर त्याने श्वास कुठून घ्यायचा?

यातले डॉक्टर थोडेथोडे बरोबरही असतात. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचं प्रमाण पाव भागाने कमी होतं, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ अभ्यासात दिसलं. पण वजन उतरवायला शिस्त लागते आणि अंगठी घरपोच येते.

सगळ्यात भरवशाचा इलाज मशीनचाच. पूर्वी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून नाकातून हवेचा दाब द्यायचा प्रयोग केला आणि १९८१ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तेच आजचं सीपॅप. हवेच्या दाबाने वाट उघडी राहते. काम चोख. पण नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला यंत्र असा सरंजाम लावून रोज झोपणं पुष्कळांना जमत नाही. सहा महिन्यांनी ते मशीन माळ्यावर जातं. तिथे ट्रेडमिलचे भाग, ज्यूसर आणि पोट कमी करणारा पट्टा आधीच वाट बघत असतात.

इथे दातांच्या डॉक्टरचा प्रवेश होतो.

ऑलिंपिकचा पैलवान आणि तुमचा जबडा

दंतवैद्याचं तर्कशास्त्र सरळ आहे. जबडा मागे गेल्याने जीभ मागे पडते ना? मग जबडा पुढे धरून ठेवा. ऑपरेशन थिएटरात भूलतज्ज्ञ हेच करतात: बेशुद्ध माणसाचा जबडा बोटांनी पुढे ओढला की वाट मोकळी होते. फरक एवढाच, की तुमच्या पलंगापाशी भूलतज्ज्ञ रात्रभर जबडा धरून उभा राहणार नाही.

ही कल्पना शंभरी ओलांडलेली आहे. फ्रान्समधले दंतरोगतज्ज्ञ पिअर रोबिन यांनी १९२३ मध्ये लिहिलं, की ज्या बाळांचा खालचा जबडा लहान असतो त्यांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो. १९८२ मध्ये शिकागोच्या रोझालिंड कार्टराइट आणि चार्ल्स सॅमलसन यांनी जीभच पुढे ओढून धरणारं रबरी साधन मांडलं. त्यात जीभ एका छोट्या फुग्यात अडकवून झोपायचं. दिसायला कसं दिसतं ते विचारू नका, संसार टिकला पाहिजे.

पण या गोष्टीतला माझा आवडता माणूस पीट जॉर्ज. अमेरिकेचा भारोत्तोलक, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ७५ किलो गटात सुवर्णपदक. पुढे तो हवाईत दात सरळ करणारा डॉक्टर झाला आणि झोपेत जबडा पुढे धरणारं साधन त्याने तयार केलं. जबडा किती पुढे घ्यायचा ते मोजायची त्याची पट्टी 'जॉर्ज गेज' नावाने आजही दवाखान्यांत वापरतात. तरुणपणी वजनं उचलली, उतारवयात जबडे. त्याच हेलसिंकीत गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं होतं. आपण खाशाबांचं पुढे काय केलं, ते इथे काढत नाही. आजचा विषय घशाच्या झोपेचा आहे, सरकारच्या झोपेला एक स्वतंत्र सदर लागेल.

वेडावून दाखवा

आता खुर्चीत बसा. डॉक्टर म्हणतात, "खालचा जबडा पुढे काढा." माणूस आधी हनुवटी वर करतो. मग मान पुढे काढतो. मग जीभ काढतो. आयुष्यात कुणी त्याला जबडा पुढे काढायला सांगितलेलं नसतं. शेवटी सहायक मुलगी म्हणते, "काका, कुणाला तरी वेडावून दाखवा." लगेच जमतं. दातांमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवतात. पूर्ण मागे किती, पूर्ण पुढे किती, ते मिलिमीटरमध्ये वाचतात. त्याच्या साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत कुठेतरी सुरुवात ठरते. मग पाण्यात कालवलेला लगदा लोखंडी साच्यात भरून तोंडात. नाकाने श्वास घ्या म्हणतात. नाकाने नीट घेता येत असता तर इथे कशाला आलो असतो, हे बोलायला तोंड मोकळं नसतं.

प्रयोगशाळेतून दोन साचे येतात, वरच्या दातांचा एक आणि खालच्यांचा एक. दोघे एकमेकांना असे अडकतात की खालचा मागे सरकू शकत नाही. बाजूला बारीक स्क्रू किंवा बदलायच्या पट्ट्या. हप्त्याहप्त्याने जबडा मिलिमीटरच्या अंशाने पुढे न्यायचा, आणि घोरणं, पेंग, जबड्याचं दुखणं यांचा मेळ बसला की थांबायचं.

पहिले काही दिवस उशी लाळेने भिजते. सकाळी जबडा आखडलेला असतो, दाढा एकमेकींना ओळखत नाहीत, पोह्यातला शेंगदाणा सापडतो पण चावता येत नाही. त्यासाठी सकाळी थोडा वेळ चावून धरायची एक छोटी पट्टी देतात. वर्षानुवर्षं वापरलं तर पुढचे दात थोडे हलतात, चावा बदलतो. हे आधी सांगणारा डॉक्टर चांगला. 'काहीच होत नाही हो' म्हणणाऱ्याकडून फक्त दात साफ करून घ्यावेत.

मग मशीन बरं की साचा? श्वास उघडा ठेवण्यात मशीन पुढे, यात वाद नाही. पण सिडनीच्या एका अभ्यासात (२०१३) दोन्ही इलाज एकाच रुग्णांना आळीपाळीने देऊन बघितले, तेव्हा लोकांनी साचा रात्री जास्त तास वापरला आणि महिनाभराच्या वापरानंतर तब्येतीचे हिशेब जवळपास सारखे निघाले. अर्धी रात्र लावलेलं उत्तम यंत्र आणि रात्रभर लावलेलं मध्यम यंत्र, दोघांची गोळाबेरीज एकच. सगळ्यांना मात्र साचा लागू पडत नाही. कुणाचा आकडा निम्म्यावर येतो, कुणाचा जागचा हलत नाही, आणि कोण कुठल्या बाजूला जाणार हे खात्रीने आधी सांगता येत नाही.

आधी दात आणा

आणखी एक अडचण आहे. दातांच्या इलाजाला दात लागतात. वर आठ-दहा आणि खाली आठ-दहा, तेही पक्के. जबड्याचा सगळा भार त्यांच्यावरच येणार.

आपल्याकडे दंतोपचाराचं धोरण पिढ्यान्‌पिढ्या एकच: दुखला की काढा. आधी लवंग, मग पेनकिलर, मग शेजाऱ्याने सांगितलेलं मंजन आणि शेवटी पक्कड. पन्नाशीत घोरणं शिगेला पोचतं, तोवर तोंडात कवळी आलेली असते किंवा हिरड्यांचा पायरिया. सुटे झालेले दात साचा काय धरणार, तेच आधाराला आलेले असतात.

उरलेल्यांचं तोंडच उघडत नाही. सुपारी-गुटखा वर्षानुवर्षं चघळून गालाच्या आतली कातडी कडक होते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, मापाचा साचाही आत जात नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदी कडक असल्यामुळे टपरीवाला पुडी जरा खालच्या डब्यातून काढतो.

पाटी आणि चाचणी

आता खरं भांडण. 'स्माइल डिझाइन, इम्प्लांट, घोरण्यावर हमखास इलाज' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. आत गेलात की लगेच माप. ऑनलाइन तर मापही नको: गरम पाण्यात बुडवा, चावा, झोपा.

अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांनी आणि झोपेचं काम करणाऱ्या दंतवैद्यांनी मिळून २०१५ मध्ये नियमावली केली. तिचा मथितार्थ सोपा आहे. आधी झोपेच्या डॉक्टरने निदान करावं. निव्वळ घोरणं असेल, किंवा ॲप्निया असून मशीन सोसत नसेल, तर साचा जरूर द्यावा. तो तोंडाच्या मापाचा आणि पुढेमागे करता येणारा असावा, जाणत्या दंतवैद्याने बसवावा, आणि बसवल्यावर पुन्हा चाचणी करून श्वास सुधारला की नाही ते बघावं.

सगळी मेख या 'आधी' आणि 'पुन्हा'मध्ये आहे. चाचणी न करता साचा घातला तर आवाज बऱ्याचदा जातो. बायको खूश, नवरा खूश, दवाखान्याला पाच तारे. आत श्वास पूर्वीसारखाच अडत असेल, तर मात्र आता ओरडून सांगणाराही गेला. पूर्वी निदान शेजारच्या फ्लॅटमधले साक्षीला होते.

चाचणी करायला माणूस तयार होत नाही, हे खरं. डोक्याला तारा, हनुवटीला तारा, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, पलीकडच्या खोलीत पडद्यापुढे तंत्रज्ञ. "अशात झोप कशी लागणार?" असं विचारणारा गृहस्थ दिवा घालवल्यावर चार मिनिटांत घोरू लागतो, आणि सकाळी सांगतो की डोळ्याला डोळा लागला नाही. समोर छापील कागद असतो: तासाला अमुक वेळा अडला, प्राणवायू तमुकवर उतरला. यंत्राचं मानतो. बायको दहा वर्षं हेच सांगत होती, ते ऐकीव होतं.

दंतवैद्याला यात कमी लेखू नका. उलट, पहिला संशय त्यालाच यायला हवा. वर्षानुवर्षं तोंड उघडून आत बघणारा दुसरा आहे कोण? झिजलेल्या दाढा, जिभेच्या कडांवर उमटलेले दातांचे ठसे, अरुंद टाळू, मागे गेलेली हनुवटी, हे सगळं त्याच्या दिव्याखालीच असतं. आंध्रातून बोस्टनला गेलेले भूलतज्ज्ञ शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडलेली तपासणी तर फुकट आहे: आ करा, जीभ बाहेर काढा, मागे पडजीभ किती दिसते ते बघा. काहीच दिसत नसेल तर वाट अरुंद आहे. मूळ उपयोग भूल देण्याआधीचा, पण झोपेच्या संशयालाही चालतो. एवढं बघून चिठ्ठी लिहायची, "झोपेची चाचणी करून या." चिठ्ठीचे पैसे मिळत नाहीत, साच्याचे मिळतात. तिथेच घोडं पेंड खातं.

पोरांच्या बाबतीत तर आपण अजून जंतांवरच आहोत. मुलगा झोपेत दात खातो? जंत झाले. तोंड उघडं टाकून झोपतो, घोरतो, वर्गात एका जागी बसत नाही? खोडकर आहे. नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल्स वाढून त्याचा श्वास कोंडत असेल, ही शंका सगळ्यात शेवटी येते. तोवर दोनदा जंतांचं औषध आणि तीनदा शाळेतून चिठ्ठी.

सरकारही घराइतकंच निश्चिंत आहे. वाहन परवान्याच्या अर्जात फीट येते का, अचानक चक्कर येते का, लांबून नंबरप्लेट वाचता येते का, हे विचारतात. चालवताना पेंग येते का, हे विचारत नाहीत. मग ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सरळसोट बांधतात आणि त्यावर माणसं डुलक्या का घेतात, यासाठी समिती नेमतात.

शंख करा

डिजरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब लाकडी वाद्य वाजवल्याने घशाचे स्नायू बळकट होऊन घोरणं कमी होतं, असं स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या प्रयोगात दिसलं. २००६ मध्ये तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. २०२५ मध्ये जयपूरच्या डॉक्टरांचा ३० रुग्णांवरचा शंखाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिने सराव करणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली, अडणारे श्वासही तासाला चार-पाचने घटले.

झालं. फॅमिली ग्रुपवर 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' सुरू. प्रयोग ३० जणांचा, आजार मध्यम दर्जाचा, सराव आठवड्यातून पाच दिवस, हे फॉरवर्डात गळून जातं. पण करायचं असेल त्याने खुशाल करावं. एवढंच, की रात्री वाचवलेले डेसिबल पहाटे साडेपाचला सोसायटीला परत मिळतील.

साक्षीदाराचं काय

आता या सगळ्या कारभारातली सर्वांत मोठी फट. वरचं प्रत्येक निदान एका जाग्या माणसावर उभं आहे. कोणीतरी ऐकलं, कोणीतरी छातीवर हात ठेवला, कोणीतरी डॉक्टरकडे ओढत नेलं. ते कोणीतरी बहुतेक घरांत बायको असते.

दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०२३ मध्ये अंदाज मांडला: दहा कोटींहून जास्त भारतीयांना हा त्रास, पुरुषांत सुमारे १३ टक्के, बायकांत ५. बायकांत तो कमी असतो, हे खरं. पण पाळी गेल्यावर त्यांचाही धोका वाढत जातो, आणि त्यांची तक्रार घोरण्याची नसते. थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप न लागणं, चिडचिड. त्यावर लोहाच्या गोळ्या, थायरॉइडची चाचणी आणि 'टेन्शन घेऊ नका' असा सल्ला. मुलगी बघायच्या कार्यक्रमात स्वयंपाक, नोकरी, गाणं सगळं विचारतात. घोरते का हे विचारत नाहीत, कारण बाई घोरत नाही असं ठरलेलं आहे. घोरलीच तर ते तिला सांगायचंही नसतं.

शिवाय ऐकणार कोण? ती सगळ्यांच्या नंतर झोपते आणि सगळ्यांच्या आधी उठते. नवऱ्याचा श्वास मोजायला ती जागी असते. तिचा श्वास अडतो, तेव्हा शेजारचा आरोपी ढाराढूर असतो.

तेव्हा नवरेहो, या आठवड्यात एक रात्र जागा. मॅचसाठी जागता, निवडणुकीच्या निकालाला जागता, विसर्जनाला तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागता. एक रात्र बायकोच्या श्वासासाठी. मोबाइल हातात असतोच, रेकॉर्डिंग चालू करा. मधे दहा-वीस सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर 'झोपली बिचारी शांत' म्हणून कूस बदलू नका. सकाळी डॉक्टरची वेळ घ्या, दोघांची. आणि ती म्हणाली, "मी तर जागीच होते," तर लगेच विश्वास ठेवू नका. तिच्याबाबतीत ते खरं असण्याची शक्यता बरीच आहे, पण चाचणी करून घ्या.